बारा खोकी कॉफी

लाफायेत, लुइझियाना
२ मार्च १९८१

प्रिय वाल्साँ,

उद्या कार्निव्हलचा शेवटचा दिवस. सगळं गाव मुखवटे घालून रस्त्यावर आहे आणि तुझी वहिनी एकटीच ऑफिसात बसून पत्र लिहिते आहे. तुझा ऑनेझीमदादा असता तर त्याने मला ओढत नेलं असतं. चार वर्षं झाली त्याला जाऊन, तरी सणाच्या दिवशी ऑफिसचं दार वाजलं की मी मान वर करतेच.

कामाचं बोलते. ऑनेझीमने उभी केलेली ही विमान कंपनी तुला माहीत आहेच. एकोणीस आसनांची चार विमानं, साठ जणांचे पगार, आणि सगळ्यांत लांबची झेप ह्यूस्टन. आता गावातले तेलवाले माझ्या मागे लागलेत. म्हणतात, "मादाम सोनिए, इथून थेट मेक्सिकोत कारमेनला विमान सुरू करा. आमची माणसं भरभरून जातील." ह्यूस्टनचे एक मिस्टर हॉलोवे चव्वेचाळीस आसनांची दोन विमानं भाड्याने द्यायला तयार आहेत. मेक्सिकोची परवानगीही मिळेल असं वकील म्हणतो. पण त्या भाड्यासाठी मला आख्खी कंपनी गहाण टाकावी लागेल. ३० जूनपर्यंत सही करायची, नाहीतर ते विमानं दुसऱ्याला देणार.

तू कारमेनच्या धक्क्यावर बसून समुद्रातल्या तेलाच्या रिगवर माणसं चढवतोस-उतरवतोस. तिथलं खरं तुझ्याइतकं कुणाला माहीत? आपल्याकडची किती माणसं दर चौदा दिवसांनी ये-जा करतात, त्यांची यादी पाठव. आणि एकच सांग. हे विमान सुरू करू का नको?

फोन करू नकोस. मागच्या वेळी तू तिथून ओरडत होतास आणि मी इथून, आणि फोन जोडणारी मधली बाई हसत होती.

तुझी वहिनी,
ओदील

ता. क. नेहमीची बारा खोकी कॉफी मालवाहू बोटीने पाठवली आहे.


सियुदाद देल कारमेन
१६ मार्च १९८१

प्रिय वहिनी,

करा! डोळे मिटून करा! हे तुम्ही तीन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

आमच्या पोरांचे हाल तुम्हाला ठाऊक नाहीत. चौदा दिवस पाण्यात काम, चौदा दिवस सुट्टी, हे ऐकायला बरं वाटतं. पण इथून मेक्सिको शहर, तिथून न्यू ऑर्लिअन्स, तिथून बसने लाफायेत. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस. म्हणजे सुट्टीतले चार दिवस बाकड्यांवर बसून जातात. मागच्या महिन्यात एकाला मुलगी झाली. तो घरी पोचला तेव्हा बारसं उरकून पाहुणे केक संपवून गेले होते. अडीच तासांत घरी नेणारं विमान मिळालं तर ही माणसं तुमच्या नावाने चर्चमध्ये मेणबत्त्या लावतील.

यादी सोबत आहे. शहाऐंशी नावं. सगळी आपल्या भागातली. आडनावं वाचलीत तर अर्धी माझ्या लग्नात जेवून गेलेली निघतील.

मी किनाऱ्यावरचा माणूस, मला चौदा दिवसांची चैन नाही. नाताळ आणि ऑगस्ट, एवढीच घरची वारी. विमान झालं तर बायकोच्या, एझोराच्या हातचा भात रविवारी खाऊन सोमवारी कामावर येईन.

तुमचा,
वाल्साँ

ता. क. कॉफी पोचली. पुढच्या खेपेला आठ खोकी पुरेत.


लाफायेत
३० मार्च १९८१

प्रिय वाल्साँ,

यादी वाचली. बरोबर बोललास, त्यातल्या तिघांनी तुझ्या लग्नात भांडण काढलं होतं.

आता आमचा क्लेबेर काय म्हणतो ते ऐक. पंचवीस वर्षं आमची विमानं चालवतोय, त्याचं तोंड कोण धरणार? तो म्हणाला, "ओदील, तेलवाले सगळे गुरुवारी माणसं बदलतात. गुरुवारी विमान जाताना भरेल, येताना भरेल. बाकी सहा दिवस ते धावपट्टीवर ऊन खात उभं राहील. भाडं मात्र सातही दिवस."

मी म्हटलं, "मग इतर दिवशी ह्यूस्टनला पाठवू."

"ह्यूस्टनला आपल्या म्हाताऱ्या जातात, इस्पितळात. चव्वेचाळीस म्हाताऱ्या रोज कुठून आणू? मी आजारी पाडू का त्यांना?"

असा आहे तो. पण त्याचं म्हणणं खोटं नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नव्या विमानांना वैमानिक कमी पडतील, म्हणून मला सकाळचं ह्यूस्टनचं विमान बंद करावं लागेल. त्या विमानाने दर मंगळवारी बाया किरणांचे उपचार घ्यायला जातात. गाडीने गेल्या तर जाऊन-येऊन आठ तास. ऑनेझीमला ते विमान कधीच परवडलं नाही आणि त्याने ते कधी बंदही केलं नाही.

तेव्हा मला नुसता जोर देऊ नकोस. गुरुवारचं काय करायचं ते सांग.

ओदील

ता. क. आठच खोकी? बारा वर्षांत हा आकडा कधी खाली आला नव्हता. तुमच्यापैकी कुणाला डॉक्टरने कॉफी वर्ज्य केली का? आठ पाठवली आहेत.


सियुदाद देल कारमेन
१३ एप्रिल १९८१

प्रिय वहिनी,

क्लेबेरला म्हणावं, विमान तू चालव, धंदा वहिनीला करू दे. इथे खोदाईच्या तीन कंपन्या आहेत. एकीने गुरुवार धरला तर दुसरी सोमवार धरेल. विमान आहे म्हटल्यावर माणसं बदलायचा दिवस बदलायला काय लागतं? मी स्वतः बोलेन त्यांच्याशी.

आता जरा लाज सोडून लिहितो. विमान आलं की इथल्या विमानतळावर तुमचा एक माणूस लागेल. तिकिटं, सामान, परवाने, साहेबांशी गोड बोलणं. मी चोपन्न वर्षांचा झालो. उजवा गुडघा बोटीच्या शिडीवर ऐकेनासा झालाय. स्पॅनिश येतं, गावातला न्हावीसुद्धा मला उधार दाढी करून देतो. ती खुर्ची मला द्याल का? एझोराला इथे आणता येईल. तेवीस वर्षांच्या लग्नात आम्ही सलग सहा महिने एका घरात राहिलेलो नाही. माझा शब्द पडू देऊ नका, एवढंच म्हणतो.

इकडे बाकी ठीक. रिगवरचा आपला स्वयंपाकी तेओफील आता मक्याच्या पोळ्या थापायला शिकलाय. आधी गोल येत नव्हत्या, आता येतात. रुबेन चाब्ले म्हणून इथला एक गडी आहे, दोन मुलांचा बाप, त्याला धक्क्यावरचं काम दाखवतोय. डोक्याने तल्लख आहे. एकदा सांगितलं की पुन्हा विचारत नाही.

ईस्टरच्या शुभेच्छा. झिंगे उकडताना माझी आठवण काढा.

वाल्साँ

ता. क. या खेपेला पाच खोकी पाठवा. जास्त नकोत, दमट हवेत कॉफी खराब होते.


लाफायेत
२७ एप्रिल १९८१

प्रिय वाल्साँ,

झिंगे उकडले, खाल्ले, तुझी आठवण काढली. क्लेबेरने तुझ्या वाटचेही खाल्ले.

खुर्चीचं विचारायला लाज कसली? घरचा माणूस सोडून मी ती कुणाला देणार होते? विमान झालं तर ती तुझीच.

एक चूक मात्र केली. हे मी एझोराला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी ती गावात जाऊन स्पॅनिश शिकायचं पुस्तक घेऊन आली! काल चर्चच्या पायरीवर मला गाठून म्हणाली, "वहिनी, ऐका," आणि संडास कुठे आहे हे स्पॅनिशमध्ये तीनदा विचारलं. फादर मागेच उभे होते. पुस्तकाचं बारावं पान चालू आहे. तिला इतकं खुशीत मी तुमच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. नवे पडदे शिवू का विचारत होती, मी म्हटलं आधी खिडक्या किती आहेत ते तर कळू दे.

इथे वर्तमानपत्राने माझा फोटो छापला. "सोनिए बाईंची समुद्रापार झेप." व्यापारी मंडळाने जेवायला बोलावलं. ज्यांनी ऑनेझीमला कधी खुर्ची दिली नाही ते मला सरकून जागा देत होते. खोटं कशाला बोलू, मला आवडलं.

ह्यूस्टनचं सकाळचं विमान जुलैपासून बंद करायची नोटीस लिहून ठेवली आहे, अजून लावलेली नाही. मंगळवारच्या बायांपैकी एक, मादाम लूपे, मला म्हणाली, "काही हरकत नाही, माझा जावई नेईल गाडीने." तिचा जावई मला माहीत आहे. तो काही नेणार नाही.

ओदील

ता. क. दमट हवा काय आज आली का तिकडे? बारा वर्षं खराब झाली नाही ती कॉफी! मी आठच पाठवली आहेत. प्या मुकाट्याने.


सियुदाद देल कारमेन
११ मे १९८१

प्रिय वहिनी,

घाईत लिहितो. सगळं ठीक आहे. सही करून टाका, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नका. एझोराला म्हणावं, पडदे आत्ताच शिवू नकोस.

आठ खोकी आली. पाच ठेवून घेतली, तीन त्याच बोटीने परत पाठवली आहेत. रागावू नका. पडून वाया गेली असती, आणि कॉफी फेकून देणं आपल्या घरात कुणाला जमलेलं नाही.

वाल्साँ


लाफायेत
२५ मे १९८१

प्रिय वाल्साँ,

तीन खोकी परत आली. माझ्या टेबलासमोर ठेवली आहेत. आठवडाभर मी त्यांच्याकडे बघते आहे आणि ती माझ्याकडे.

ऑनेझीमचा हिशेब तुला आठवतो का? रिगवर सात माणसांना महिन्याला एक खोकं. या हिशेबाने मी बारा वर्षं कॉफी पाठवली, कधी कमी पडली नाही, कधी उरली नाही. बारा खोकी म्हणजे चौऱ्याऐंशी माणसं. तुझी यादी शहाऐंशीची. पाच खोकी म्हणजे किती, ते तू कर.

आधी मला वाटलं बोटवाले चोरतायत. मग वाटलं तू कंजूष झालास. मग तुझं एप्रिलचं पत्र काढून पुन्हा वाचलं. तेओफील मक्याच्या पोळ्या थापतो म्हणतोस. आपल्या पोरांना भात आणि रस्सा मिळाला नाही तर ती स्वयंपाक्याला समुद्रात ढकलतील. मग पोळ्या तो कुणासाठी थापतोय?

आणि परवा चर्चमध्ये गास्ताँ द्युगाचा मुलगा भेटला. तुझ्या यादीत त्याचं नाव अकरावं आहे. मी म्हटलं, "अरे, सुट्टीवर का?" तो म्हणाला, "नाही मावशी, मी फेब्रुवारीपासून इकडच्या रिगवर आहे." मी म्हटलं बरं, एखादा असतो असा.

वाल्साँ, मी नवरीच्या वेषात त्या घरात आले तेव्हा तू दहा वर्षांचा होतास. पहिल्याच दिवशी माझ्या बॅगेतली मिठाई खाल्लीस आणि विचारल्यावर म्हणालास, "मी खोटं बोललो नाही, मला कुणी विचारलंच नव्हतं." म्हणून आता विचारते. सरळ प्रश्न, सरळ उत्तर दे.

आज सकाळी तिथे कॉफी प्यायला आपली किती माणसं बसली होती?

३० जूनला मिस्टर हॉलोवे येणार आहेत.

ओदील


सियुदाद देल कारमेन
१७ जून १९८१

वहिनी,

तुमचं पत्र पाच तारखेला मिळालं. बारा दिवस खिशात घेऊन फिरतोय. टपालाला अकरा-बारा दिवस लागतात, म्हणजे हे तुम्हाला एकोणतीसला मिळेल. एक दिवस हाताशी राहतो. त्याहून उशीर करायची हिंमत झाली नाही.

एकतीस.

आज सकाळी एकतीस माणसं होती. सप्टेंबरपर्यंत पंधरा राहतील आणि नाताळाला एकही नाही. यादी खोटी नव्हती, पण ती डिसेंबरची होती. इथल्या सरकारी तेल कंपनीने करारातच घातलंय की वर्षभरात सगळी कामं इथल्या माणसांना शिकवायची आणि आपली माणसं परत पाठवायची. त्यांचं तेल, त्यांचा समुद्र. यात त्यांचं काय चुकलं? रुबेनला मी शिकवतोय म्हणून लिहिलं होतं. तो कशासाठी शिकतोय ते लिहिलं नव्हतं. तो माझ्याच जागेवर बसणार आहे. मीच त्याला बसवतोय.

इकडे कुणी बोंब मारली नाही, कारण लुइझियानात सध्या धंदा इतका तेजीत आहे की इथून सुटलेल्या माणसाला त्याच संध्याकाळी दोन ठिकाणांहून बोलावणं येतं. पण ते तिशीतल्यांना. चोपन्न वर्षांच्या लंगड्याला कोण बोलावतं? ऑगस्टनंतर मला काम नाही. फेब्रुवारीतच सांगितलं त्यांनी.

आणि मार्चमध्ये तुमचं पत्र आलं. वहिनी, मला वाटलं देवानेच पाठवलं. विमान आलं तर मला खुर्ची, एझोरा जवळ, आणि कुणाला कळायलाही नको की वाल्साँ सोनिएला काढून टाकलं. मनाशी म्हणालो, शहाऐंशी नाही तर एकतीस, ती नाही तर साहेब लोक, कुणीतरी बसेलच की विमानात. कुणी बसणार नव्हतं. मला माहीत होतं. मी माझ्या खुर्चीसाठी तुमची कंपनी पणाला लावत होतो. दादाची कंपनी. साठ घरं.

माणसांचा आकडा लपवला, पण कॉफीचा नाही लपवता आला. बारा मागवून सात खोकी समुद्रात ओतायची, एवढंच करायचं होतं. हात धजला नाही.

सही करू नका. मला क्षमा करा असं लिहिणार होतो, पण ते मागायला समोर उभं राहावं लागतं.

वाल्साँ

ता. क. कॉफी पाठवू नका. आहे ती पुरते.


लाफायेत
३ जुलै १९८१

प्रिय वाल्साँ,

तुझं पत्र एकोणतीसला आलं नाही. काल आलं, दोन तारखेला. या खेपेला टपालाने पंधरा दिवस घेतले.

म्हणजे तीस तारखेला मिस्टर हॉलोवे माझ्या टेबलासमोर बसले तेव्हा माझ्या हातात तुझ्याकडून काहीच नव्हतं. महिना उलटला होता, एका ओळीचं उत्तर नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. व्यापारी मंडळाचे दोघे फोटो काढायला आले होते. मी त्या तीन खोक्यांकडे बघितलं आणि पेन परत दिलं. तुला "शहाऐंशी" लिहायचं असतं तर ते तू दुसऱ्या दिवशी लिहिलं असतंस. तू गप्प बसलास, तिथेच मला कळलं.

हॉलोवे चिडले. मंडळाचे दोघे माझा निरोप न घेताच गेले. परवा बाजारात त्यांच्यातला एक मला बघून टोमॅटो निवडण्यात गढून गेला. क्लेबेर म्हणाला, "मी काही बोलत नाही," आणि मग तासभर बोलला. नोटीस मी फाडली. येत्या मंगळवारी मादाम लूपे विमानातच बसेल, जावयाची वाट बघायला नको.

आता तुझं. मी रागावले आहे. खूप रागावले आहे, आणि हे लिहून संपणारं नाही. ज्या दिवशी तुला काढलं त्या दिवशी एक पत्र मला लिहिलं असतंस तर काय आभाळ कोसळणार होतं? तुझा भाऊ गेला तेव्हा मी कुणाच्या खांद्यावर रडले होते? नोकरी गेल्याची लाज बाहेरच्यांपुढे बाळगायची.

मॅनेजरची खुर्ची नाही. विमानच नाही तर खुर्ची कुठली? पण सकाळच्या ह्यूस्टनच्या विमानाला खाली उभा राहणारा एक माणूस मला हवा आहे. चाकाच्या खुर्च्या वर चढवायच्या, बायांना हात द्यायचा, बॅगा ठेवायच्या. पगार तुझ्या निम्म्यानेही नाही. गुडघा दुखेल. साहेबी टोपीबिपी काही मिळणार नाही. ऑगस्टमध्ये ये, हवं असेल तर घे. क्षमेचं म्हणशील तर तेव्हाच समोर उभा राहून माग. देईन का ते बघू.

उरलेली कॉफी परत आणू नकोस, त्या रुबेनला दे. काम शिकवलंस तशी ही कशी करायची तेही शिकव. पहिल्यांदा कुणालाच आवडत नाही.

एक काम मात्र मी तुझ्यासाठी केलेलं नाही आणि करणारही नाही. एझोराला मी काही सांगितलेलं नाही. काल ती ऑफिसात आली होती, विमानाचं काय ठरलं ते विचारायला. मी म्हटलं, वाल्साँ कळवेल. ती एकेचाळिसाव्या पानावर पोचली आहे. घर भाड्याने कसं मागायचं ते तिने मला म्हणून दाखवलं, आणि एक शब्द चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटलं.

ते पत्र तुझं तुलाच लिहायचं आहे. आजच लिही. टपालाचा काही भरवसा नाही, आणि ती दर दोन दिवसांनी एक पान पुढे जाते.

ओदील